एल्डरमुअरवरचा पोकळ गोल

निखिलचा फोन आला तेव्हा मी हॉस्पिटलच्या फार्मसीत उभी होते, एका हातात गोळ्यांची पट्टी आणि दुसऱ्या हातात प्रिस्क्रिप्शन. निखिल म्हणजे विसूकाकांचा मुलगा. जन्म ब्रिस्टलचा, मराठी कामापुरतं. "सुमाताई, बाबा गेला... I mean, गेले. सकाळी. झोपेतच. चहा पण घेतली नाही." मी पट्टी खाली ठेवली, मागच्या स्टोअररूममध्ये गेले आणि खोक्यांच्या मधोमध उभी राहून मनसोक्त रडले. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कुणाला वाटेल की हिला त्या माणसाविषयी मायाच नव्हती. होती. भरपूर होती. सगळा घोळ तिथेच आहे.

अंत्यविधीनंतर आठवड्याभरात आपल्या मराठी मंडळाच्या पुरवणीचं काम बघणाऱ्या आदितीचा मेसेज आला. "सुमाताई, तुम्हीच लिहा ना त्यांच्यावर. तुम्ही किती क्लोज होतात! नाइस मेमरीज, बोटीवरचे किस्से, थोडा ह्यूमर..." मी लगेच हो म्हटलं. म्हटलं, किस्से तर इतके आहेत की पुरवणी पुरणार नाही. तेव्हा काकांनी माझ्यासाठी ठेवलेलं खोकं अजून उघडलेलं नव्हतं. गेलेल्या माणसाविषयी चांगलंच लिहायचं असतं, हे मलाही कळतं. पण आता जे लिहायचं आहे ते चांगलंही आहे आणि वाईटही, आणि दोन्ही एकाच माणसाचं आहे.

विसूकाका आणि माझे बाबा, म्हणजे त्यांचा गोविंदा, कोकणातल्या एकाच खाडीकाठचे. एकत्र पोहायला शिकले, एकत्र शाळा बुडवली, विशीत एकत्रच खलाशी म्हणून बोटीवर चढले. फिरत फिरत इंग्लंडला टेकले आणि काही वर्षांनी इथल्या आरमाराच्या एका मालवाहू जहाजावर लागले. त्याचं नाव एल्डरमुअर. विसूकाका शाळेत हुशार, अक्षर मोत्यासारखं, इंग्रजी फर्डं, म्हणून त्यांना माल लावण्याचे नकाशे काढायचं काम मिळालं. बाबा हाताने बळकट, इंग्रजीत कच्चे. ते जहाजाच्या पोटात, साखळ्यांनी माल बांधणाऱ्या टोळीचे प्रमुख झाले. एकाने कागदावर काढायचं आणि दुसऱ्याने ते खाली उतरून प्रत्यक्षात आणायचं, अशी ती जोडी होती.

एल्डरमुअरवर तोफा नावापुरत्याच होत्या. तिचं काम वेगळं. फौज परक्या किनाऱ्यावर उतरते तेव्हा तिचे ट्रक, तंबू, दारूगोळा, पाण्याचे टँकर हे सगळं मागोमाग उतरवायचं, तेही धक्का नसलेल्या ठिकाणी, स्वतःच्या क्रेनने, स्वतःच्या सपाट बुडाच्या होड्यांत. विसूकाका म्हणायचे, "सुमे, लढाई म्हणजे काय? सामान वेळेवर पोचणं. बाकी नुसता आरडाओरडा." या जहाजात माल भरायची रीतही उलटी. साध्या बोटीत जागा वाया जाऊ नये म्हणून भरतात, इथे उतरवायच्या क्रमाने भरायचं. किनाऱ्यावर जे सगळ्यात आधी लागणार, ते सगळ्यात शेवटी आत जायचं, म्हणजे ते वर राहतं. आम्ही भारतात निघालो की आमच्या बॅगा भरायला ते मुद्दाम ब्रिस्टलहून कॉव्हेंट्रीला यायचे. आई चिडायची, "अहो विसूभावजी, ही सुटकेस आहे, युद्ध नाहीये!" पण मुंबईला उतरल्यावर टॉवेल, औषधं, माझा फ्रॉक बरोबर हव्या त्या क्रमाने हाताला लागायचं, आणि आईला कबूल करावं लागायचं.

रिटायर झाल्यावर त्यांनी एल्डरमुअरचा इतिहास लिहायला घेतला. जुन्या खलाशांची एक छोटीशी संघटना आहे, तिच्या वेबसाइटसाठी. त्यांची बोटं थरथरत, म्हणून टायपिंग माझ्याकडे. सहा हिवाळे, महिन्यातला एक शनिवार, मी मँचेस्टरहून गाडीने ब्रिस्टलला जायची आणि त्यांच्या फ्लॅटच्या खिडकीशी लॅपटॉप मांडून बसायची. ते डोळे मिटून सांगत आणि मी टाइप करत असे. जहाज कुठे बांधलं, पाण्यात सोडताना बाटली पहिल्या फटक्याला फुटली नाही म्हणून म्हातारे खलाशी कसे कुजबुजले... कुठल्या थंड समुद्रात सराव झाले, वादळाने उद्ध्वस्त झालेल्या एका बेटावर तोफांऐवजी पीठ आणि तंबू कसे उतरवले, तिथल्या एका म्हातारीने कप्तानाला कोंबडी कशी भेट दिली. शेवटी जहाज थकलं, विकलं गेलं आणि भंगारात निघालं ते थेट गुजरातच्या किनाऱ्यावर. ते वाक्य टाइप झाल्यावर काका डोळे उघडून म्हणाले, "बघ, आपल्या आधी तीच परत गेली गावाकडे." मी हसले, पण त्यांना हसू आलं नाही.

त्या इतिहासात एक अपघात आहे. उत्तरेच्या समुद्रात सराव चालू असताना वादळ झालं आणि खालच्या कोठीतला पाण्याचा एक टँकर साखळ्या तोडून सुटला. त्याला आवरायला दोन तरुण खलाशी खाली उतरले, पीटर आणि कॉलिन. दोघंही टँकर आणि जहाजाची भिंत यांच्यामध्ये चेंगरून गेले. नकाशात प्रत्येक गाडीचा एक चौकोन असे, आणि टँकर असेल तर त्या चौकोनात एक गोल. गोल पोकळ असेल तर टँकर रिकामा, त्याला चार साखळ्या. गोल काळा भरलेला असेल तर टँकर भरलेला, त्याला आठ. सुटलेला टँकर काठोकाठ भरलेला होता आणि त्याला साखळ्या चारच होत्या. बाबा म्हणाले, नकाशात गोल पोकळ होता. चौकशीत जो नकाशा पुढे आला त्यात गोल काळा होता. बाबांचं काम गेलं, ठपका आला आणि वर दोन जीव डोक्यावर बसले.

मी जन्मले ती यानंतर. त्यामुळे मला माहीत असलेले बाबा कायमच नंतरचे. त्या माणसाचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास नव्हता. डोळ्यांच्या डॉक्टरने तीनदा तपासून ठणठणीत म्हणून सांगितलं, तरी नव्हता. बसचा नंबर मला वाचायला लावायचे. गॅसचा मीटर, दुधाच्या बाटलीवरची तारीख, आईच्या गोळ्यांची पट्टी... "बघ गं सुमे, नीट बघ." गाडी चालवणं त्यांनी सोडलं. क्रेनवर सहज काम मिळालं असतं, पण त्यांनी कॉव्हेंट्रीच्या एका कारखान्यात झाडू मारायचं काम पत्करलं आणि तिथूनच रिटायर झाले. मी फार्मासिस्ट झाले ती काही हुशारीने नव्हे. सात वर्षांची असल्यापासून गोळ्यांच्या पट्ट्या वाचत होते, दुसरं होणार काय?

आणि कौन्सिलचं पत्र, बँकेचा फॉर्म, माझं शाळेचं प्रगतिपुस्तक, हे सगळं वाचायला विसूकाका होते. सही जिथे करायची तिथे ते पेन्सिलने फुली मारत आणि बाबा सही करत. बाबा सगळ्यांना सांगायचे, "जहाजावरच्या एकानेही नंतर माझ्याशी संबंध ठेवला नाही. एकटा विसू उभा राहिला." आमच्या घरात त्यांचं पान देवाच्या पानानंतर लगेच मांडलं जायचं. मीही तशीच वाढले, की या माणसाने माझ्या बापाला सांभाळलं.

दर सर्वपित्रीला बाबा आपल्या आईवडिलांबरोबर आणखी दोन पानं वाढायचे, पीटरचं आणि कॉलिनचं. खीर, वडे, भाजी, सगळं. पानं मागच्या बागेत शेडजवळ ठेवायची, आणि कावळ्यांना इथे काही तोटा नाही. बाबा हात जोडून पुटपुटायचे, "माझी नजर चुकली, पोरांनो." त्या दिवशी विसूकाका हमखास जेवायला असत. बाबांच्या शेजारी हात जोडून उभे राहत, आणि मग आत येऊन आईला म्हणत, "वहिनी, खीर आणखी वाढा." मी हे सगळं माझ्या डोळ्यांनी बघितलंय, वर्षानुवर्षं.

इतिहास टाइप करताना अपघाताचं पान आलं तेव्हा माझी बोटं थांबली होती. काकांनी सांगितलेलं वाक्य असं होतं: माल बांधणाऱ्या टोळीच्या प्रमुखाकडून नकाशा वाचण्यात चूक झाली. "नाव घालायचं नाही," ते म्हणाले. "गोविंदाला उगाच त्रास. ज्यांना माहीत आहे त्यांना माहीत आहे." मी लॅपटॉप बाजूला ठेवला, उठले आणि त्यांच्या पाया पडले. थँक यू म्हणाले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि पुढचं वाक्य सांगायला घेतलं.

अंत्यविधीनंतर निखिल फ्लॅट आवरत होता. "ताई, तुझ्यासाठी एक बॉक्स आहे. त्याने वर तुझी नाव लिहिली आहे." मी ते गाडीत टाकून मँचेस्टरला आणलं आणि पुढच्या शनिवारी सकाळी उघडलं. मला वाटलं, जहाजाचे फोटो असतील. होतेही, पण खाली. सगळ्यात वर एक तपकिरी पाकीट होतं आणि त्यात चार घड्यांचा एक पिवळा पडलेला कागद. एल्डरमुअरच्या खालच्या कोठीचा नकाशा. त्याच्या एका कोपऱ्याला तारेच्या हुकाचं भोक, कडेला ग्रीसचे काळे अंगठे. खाली विसूकाकांची ती सुंदर सही. मधल्या रांगेत टँकरचा चौकोन, त्यात गोल.

पोकळ.

आणि प्रत्येक चौकोनाशेजारी लाल पेन्सिलने साखळ्यांचे आकडे लिहिलेले होते. देवनागरीत. अख्ख्या आरमारात देवनागरीत आकडे टाकणारा माणूस एकच असणार. टँकरच्या शेजारी बाबांचा तो वरून उघडा, तिरका ४ होता. म्हणजे बाबांच्या हातात आलेला नकाशा हाच. चौकशीत दाखवलेला, काळा गोल काढलेला, तो नंतर कुणीतरी नव्याने केला. आणि नकाशे काढायचं काम जहाजावर एकाच माणसाकडे होतं.

टँकर चढवला त्या दिवशी बंदरात पाऊस होता, एवढं मला इतिहास टाइप करताना सांगितलेलं आहे. टँकरच्या टाकीवर चढून, झाकण उघडून, आत बघून मग गोल काढायचा, असा नियम होता. पावसात विसूकाका चढले नसतील. हा माझा अंदाज. मला नक्की काही ठाऊक नाही, कारण पाकिटात चिठ्ठी नव्हती. मी सगळं खोकं उपसलं, फोटोंच्या मागच्या बाजू बघितल्या, पुस्तकं झटकली. एक ओळ नाही! सहा हिवाळे माझ्यासमोर बसून हा माणूस बोलत होता, कोंबडीची गोष्ट त्याने मला चार वेळा सांगितली, आणि हे सांगायला त्याला तोंड नव्हतं. पण खोकं मात्र बरोबर भरलं होतं. मला सगळ्यात आधी जे हाताला लागायला हवं, ते त्याने सगळ्यात शेवटी आत ठेवलं. स्वतः निघून गेल्यावर उतरवायचा माल होता तो. त्या सकाळी मी आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मनात अरेतुरे केलं, आणि नुसतं अरेतुरेवर थांबले नाही.

बाबा आता ऐंशीच्या पुढे आहेत. आई गेल्यापासून कॉव्हेंट्रीच्या घरी एकटेच राहतात. त्यांना सांगावं की नाही, यावर मी तीन दिवस घालवले. नाही सांगितलं, तर विसूकाका त्यांचा एकुलता एक मित्र म्हणून राहतो आणि ते स्वतः दोन पोरांचे मारेकरी म्हणून मरतात. सांगितलं, तर डोक्यावरचं ओझं उतरतं, पण मित्र दुसऱ्यांदा जातो. शेवटी मी ठरवलं की हे ठरवणारी मी कोण? त्यांच्या वतीने इतकी वर्षं दुसऱ्यानेच वाचलं आणि ठरवलं, म्हणून तर ही वेळ आली.

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर मी टेबल पुसून कोरडं केलं आणि नकाशा त्यांच्यासमोर उलगडला. त्यांनी तो ताबडतोब ओळखला. चष्मा शोधला, वाकले आणि सवयीने म्हणाले, "बघ गं सुमे, तो गोल पोकळ आहे का भरलेला?"

"तुम्ही बघा, बाबा."

"माझ्या डोळ्यांचं काही खरं नाही, तुला माहितेय."

"तुमच्याच डोळ्यांनी बघा. मी सांगणार नाही."

ते कागद घेऊन खिडकीशी गेले. उजेडात धरला, जवळ नेला, लांब नेला. बोटाने गोलाभोवती एक फेरी मारली. "पोकळ आहे," ते म्हणाले. कागद पुन्हा डोळ्यांजवळ नेला. "पोकळ आहे गं." मग बोट शेजारच्या आकड्यावर आलं. "हा माझा चार."

मग माझ्याकडे न बघता सांगू लागले. चौकशीच्या दिवशी त्यांचं इंग्रजी तोडकंमोडकं म्हणून विसूकाका शेजारी उभे होते. "मी विसूला म्हटलं, साहेबांना सांग, ह्या कागदावर माझे आकडे नाहीत, हा तो कागदच नव्हे. तो इंग्रजीत काहीतरी बोलला. साहेबांनी मान हलवली आणि पुढे गेले."

"काय बोलले ते?"

"मला काय ठाऊक! मला वाटलं, तेच बोलला." त्यांनी कागद खिडकीत ठेवला. "बाहेर आल्यावर मला म्हणाला, गोविंदा, तू दीड दिवस झोपलेला नव्हतास, आकडे वरच्या कोठीच्या कागदावर टाकले असशील. मी म्हटलं, असेल... विसू म्हणतोय म्हणजे असेल." मग खुर्चीत बसले आणि एकदम म्हणाले, "त्या दोन पोरांच्या आयांना मी माफीची पत्रं पाठवली होती. विसूनेच लिहून दिली. केवढं सुंदर अक्षर."

मी नकाशाची घडी घातली आणि पाकिटात ठेवली.

निखिलला मी सगळं सांगितलं आणि नकाशाचा फोटो पाठवला. त्याने तो मोठा करून बघितला. मग म्हणाला, "पण ताई, बाबा गोविंदकाकाला सगळ्यात जास्त लव्ह करायचा. आमच्यापेक्षा पण." मी म्हटलं, "हो रे, करायचे." ते खोटं नव्हतं, हेच मला सहन होत नाही. माया खोटी असती तर मी खोकं कचऱ्यात टाकून मोकळी झाले असते. चाळीस वर्षं माणूस दुसऱ्याची पत्रं वाचून देतो, त्याच्या पोरीच्या बॅगा भरतो, त्याच्या शेजारी उभा राहून हात जोडतो, आणि ज्या एका वाक्याने हे सगळं करायची गरजच उरली नसती, ते वाक्य तेवढं बोलत नाही. याला मी काय नाव देऊ? शेवटी निखिलच म्हणाला, "लिही ताई. It's true ना? मग लिही."

जुन्या खलाशांच्या संघटनेला मी नकाशा पाठवला. इतिहासातलं ते वाक्य, जे माझ्याच बोटांनी टाइप झालं होतं, मी पुन्हा लिहिलं: नकाशात भरलेला टँकर रिकामा दाखवला होता, माल बांधणाऱ्यांनी नकाशाप्रमाणे काम केलं. नकाशा काढणाऱ्याचं नाव घातलं आणि टोळीच्या प्रमुखाचंही घातलं. बाबांनी ते स्वतः वाचलं. दोन दिवस लागले, पण मला एकदाही विचारलं नाही. वाचून झाल्यावर म्हणाले, "विसूचं नाव काढ. मुलगा आहे त्याला."

"मुलगी तुम्हालाही आहे," मी म्हटलं. नाव काढलं नाही.

गेल्या रविवारी त्यांच्याकडे गेले होते. सिंकच्या वर कपांचे हुक आहेत, त्यातल्या शेवटच्या हुकावर निळ्या काठाचा एक पत्र्याचा मग लटकलेला असतो. तो विसूकाकांचा. त्यात दुसरं कुणी चहा प्यायलेलं मला आठवत नाही. बाबा तो दर आठवड्याला घासतात, तेव्हाही घासलेला होता. मला तो बघवेना. मी काढला आणि चॅरिटी शॉपच्या पिशवीत घालू लागले.

"कुठे नेतेस?" बाबांनी मागून विचारलं.

"दुकानात देते. कशाला हवाय आता?"

त्यांनी माझ्या हातातून मग घेतला, पण हुकाला लावला नाही. टेबलावर, स्वतःच्या खुर्चीच्या बरोबर समोर ठेवला. "चाळीस वर्षं मी ह्याच्यापुढे मान खाली घालून बसलो, सुमे," ते म्हणाले. "एकदा तरी भांडायचंय मला त्याच्याशी. समोर काहीतरी नको का?"

मग खुर्ची ओढून बसले, शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि मला म्हणाले, "तू जरा बाहेर जा."

मी बागेत गेले आणि स्वयंपाकघराचं दार ओढून घेतलं. मग बाबांचा आवाज आला, आधी हळू, मग चढत गेला, खिडकीची काच थरथरेपर्यंत. माझ्या उभ्या आयुष्यात मी तो चढलेला पहिल्यांदाच ऐकत होते.